भाईंदरहून वसई किती दूर?

भाईंदर पश्चिमेच्या जेटीवर उभे राहिले की समोर वसईची खाडी पसरलेली दिसते आणि खाडीच्या पलीकडे वसईचा किनारा. तेथे उभे राहून कोणालाही विचारा, "वसई येथून किती दूर आहे हो?" गंमत अशी की, उत्तर देणारा कोण आहे त्यावर उत्तर बदलेल.

मोटार चालवणारा म्हणेल, "पस्तीस-अडतीस किलोमीटर तरी होतात." त्याला काशीमिऱ्याला जाऊन राष्ट्रीय महामार्ग गाठावा लागतो, घोडबंदरजवळच्या पुलावरून खाडी ओलांडावी लागते आणि मग पुन्हा पश्चिमेकडे वळून वसईला यावे लागते. रोज लोकलने जाणारा म्हणेल, "दोनच स्टेशने! मधे नायगाव, मग वसई रोड. आठ-नऊ किलोमीटर." फेब्रुवारी २०२४ मध्ये येथे मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली. तिचा खलाशी सांगेल, "साडेतीन किलोमीटर." आणि खाडीवरून उडणाऱ्या बगळ्याला बोलता आले असते, तर त्याने चौथेच उत्तर दिले असते.

यांपैकी खोटे कोणीच बोलत नाही. प्रत्येकाने आपापल्या वाटेचे अंतर सांगितले. पण वाट कोणतीही असो, दोन ठिकाणांमध्ये एक अंतर असे असते की जे पूल, रस्ते, रूळ यांवर मुळीच अवलंबून नसते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाची लांबी म्हणजे ते अंतर. त्याला आपण 'हवाई अंतर' म्हणतो. बगळ्याचे उत्तर बहुधा त्याच्याच जवळचे असते.

हे अंतर मोजायला बगळ्याच्या मागे टेप घेऊन धावावे लागत नाही. ते घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन काढता येते. कसे, ते पाहू.

आकड्यांच्या दोन जोड्या

पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाचा पत्ता दोन आकड्यांत सांगता येतो, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. विषुववृत्तापासून ते ठिकाण किती अंश उत्तरेस किंवा दक्षिणेस आहे, तो त्याचा अक्षांश. ग्रिनिचच्या रेखावृत्तापासून किती अंश पूर्वेस किंवा पश्चिमेस आहे, तो रेखांश. भाईंदर स्टेशनचा पत्ता आहे सुमारे १९.३११ उत्तर, ७२.८५२ पूर्व. वसईच्या किल्ल्याचा पत्ता सुमारे १९.३३१ उत्तर, ७२.८१४ पूर्व.

आता अंशांचे किलोमीटर करायचे. पृथ्वीचा ध्रुवांवरून जाणारा परीघ सुमारे ४०,००० कि. मी. आहे. (हा आकडा इतका सुबक कसा, असे वाटले ना? त्याचे कारण असे की, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर हे माप ठरवताना विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर, असेच ठरवले होते!) परिघाचे ३६० अंश. म्हणून उत्तर-दक्षिण दिशेने एक अंश म्हणजे ४०,००० ÷ ३६०, अर्थात सुमारे १११ कि. मी.

पूर्व-पश्चिम दिशेने मात्र हा हिशेब थोडा बदलतो. भाईंदरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १११ नव्हे, तर सुमारे १०५ कि. मी. भरतो. का, ते पुढे पाहू. आधी उदाहरण पुरे करू.

भाईंदर आणि वसईचा किल्ला यांच्या अक्षांशांतील फरक ०.०२० अंश. म्हणजे किल्ला ०.०२० × १११ = २.२ कि. मी. उत्तरेस आहे. रेखांशांतील फरक ०.०३८ अंश. म्हणजे तो ०.०३८ × १०५ = ४.० कि. मी. पश्चिमेस आहे. या झाल्या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू. आता पायथागोरसला हाक मारा. २.२ चा वर्ग ४.८४, ४.० चा वर्ग १६, बेरीज २०.८४, तिचे वर्गमूळ सुमारे ४.६.

भाईंदर स्टेशन ते वसईचा किल्ला हे हवाई अंतर झाले सुमारे ४.६ कि. मी. बगळ्याचे उत्तर मिळाले!

संत्र्याच्या फोडी

आता तो १०५ चा आकडा कोठून आला? एक नागपुरी संत्रे सोला. त्याच्या फोडी मधोमध रुंद असतात आणि देठाकडे व खाली निमुळत्या होत टोकाला एकत्र येतात. पृथ्वीवरील रेखावृत्तेही अशीच आहेत. विषुववृत्तावर ती एकमेकांपासून सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता जवळ येत येत ध्रुवावर सारी एका बिंदूत मिळतात. म्हणून रेखांशाचा अंश सगळीकडे सारख्या लांबीचा नसतो. जसे उत्तरेकडे जाल, तसा तो आखूड होतो.

किती आखूड? १११ ला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचे. विषुववृत्तावर कोसाइन १, म्हणून १११ कि. मी. भाईंदरला १९.३ अंशांचा कोसाइन ०.९४४, म्हणून सुमारे १०५. ४५ अंशांवर सुमारे ७८. ६० अंशांचा कोसाइन अर्धा, म्हणून अंशही अर्धा, म्हणजे ५५.५ कि. मी. आणि ध्रुवावर शून्य! तेथे उभ्या असलेल्या माणसाने स्वतःभोवती एक गिरकी घेतली की त्याने ३६० रेखावृत्ते ओलांडली.

भाईंदरला १११ आणि १०५ यांतील फरक लहान आहे. तो विसरलात तरी फारसे बिघडत नाही. पण उत्तरेच्या टोकाला तो विसरलात तर काय होईल?

नकाशा उघडा. भाईंदरवरून पूर्वेकडे आडवी रेषा काढत न्या. महाराष्ट्र, तेलंगण, छत्तीसगड आणि ओडिशा ओलांडून ती समुद्राला मिळते, ती गोपाळपूरजवळ. गोपाळपूरचा अक्षांशही १९.३ च्या आसपास आहे आणि रेखांश ८४.९. म्हणजे या ठिकाणी भारताची रुंदी झाली सुमारे १२ अंश. १२ × १०५ = १२६० कि. मी. अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत!

आता कॅनडाच्या अगदी उत्तरेस जाऊ. तेथे बर्फाळ बेटांवर इन्युइट लोकांची दोन चिमुकली गावे आहेत. एल्समिअर बेटावरचे ग्रीस फ्योर्ड (७६.४ उत्तर, ८२.९ पश्चिम) आणि कॉर्नवॉलिस बेटावरचे रेझोल्यूट (७४.७ उत्तर, ९४.८ पश्चिम). फ्योर्ड म्हणजे हिमनदीने खोदलेली खोल, अरुंद खाडी; तेव्हा हेही भाईंदरसारखे खाडीकाठचेच गाव म्हणायचे. २०२१ च्या जनगणनेत दोन्ही गावांची लोकसंख्या प्रत्येकी दोनशेच्या आत होती.

या दोन गावांच्या रेखांशांतील फरक पाहा. ११.९ अंश! जवळजवळ भाईंदर ते गोपाळपूर एवढाच. शिवाय अक्षांशांतही १.७ अंशांचा फरक आहे. मग ही दोन गावेही एकमेकांपासून हजार-बाराशे किलोमीटर दूर आहेत काय?

हिशेब करू. दोन्ही गावांचा सरासरी अक्षांश ७५.५ अंश, त्याचा कोसाइन ०.२५. म्हणजे तेथे रेखांशाचा अंश आपल्या अंशाच्या पाव भागाहून थोडाच मोठा, सुमारे २७.८ कि. मी. पूर्व-पश्चिम अंतर ११.९ × २७.८ = ३३१ कि. मी. उत्तर-दक्षिण अंतर १.७ × १११ = १८९ कि. मी. पुन्हा पायथागोरस, आणि उत्तर येते सुमारे ३८१ कि. मी.

कोठे १२६० आणि कोठे ३८१! अंश तेवढेच, पण पृथ्वीच निमुळती झालेली. वर्गातील भिंतीवरचा जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असेल, तर पट्टी घेऊन ही दोन्ही अंतरे मोजून पाहा. १५६९ साली मर्केटरने रचलेल्या या नकाशात सारी रेखावृत्ते समांतर काढलेली असतात, म्हणजे संत्र्याच्या फोडी ताणून सरळ केलेल्या असतात. त्यामुळे त्यावर ग्रीस फ्योर्ड ते रेझोल्यूट हे अंतर भाईंदर-गोपाळपूरपेक्षा थोडे जास्तच भरेल. नकाशा चुकीचा नाही. जहाजाची दिशा ठरवायला तो उत्तम आहे. पण त्याच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजायचे, हे त्याचे काम नव्हे.

फार दूर जायचे असेल तर

पायथागोरसचा सिद्धांत सपाट कागदावरचा आहे. काही शे किलोमीटरपर्यंत पृथ्वी जवळजवळ सपाट मानून चालते. त्याहून फार दूरच्या ठिकाणांसाठी तिचा गोलपणा हिशेबात घ्यावा लागतो.

यासाठी पृथ्वीचा गोल आणि दोरा घ्या. दोऱ्याचे एक टोक बंगळूरवर आणि दुसरे अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोवर धरून दोरा ताणा. तो हळूहळू सरकत उत्तरेकडे जाईल आणि ध्रुवाच्या जवळून जाऊ लागेल. ताणलेला दोरा सर्वांत जवळचा मार्ग दाखवतो. हा मार्ग पुढे वाढवला तर पृथ्वीचे बरोबर दोन समान भाग करणारे वर्तुळ तयार होते. त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरचे हवाई अंतर म्हणजे या बृहद्वृत्ताच्या कमानीची लांबी.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणले, ते उत्तर ध्रुवावरच्या मार्गानेच. भिंतीवरच्या नकाशात पाहणाऱ्याला वाटेल, हा केवढा मोठा वळसा! गोलावर पाहणाऱ्याला कळेल की ही तर जवळची वाट.

याचा हिशेब तोंडी होण्यासारखा आहे. सॅन फ्रान्सिस्को ३७.६ उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून ५२.४ अंश. बंगळूर १३.२ उत्तरेला, म्हणजे ध्रुवापासून ७६.८ अंश. नेमके ध्रुवावरून गेले तर एकूण १२९.२ अंश, गुणिले १११, म्हणजे सुमारे १४,३४० कि. मी. पण दोन्ही शहरे ध्रुवाच्या बरोबर समोरासमोर नाहीत. त्यांच्या रेखांशांत १८० ऐवजी १५९.९ अंशांचा फरक आहे. म्हणून खरा जवळचा मार्ग ध्रुवाला थोडा बाजूला टाकून जातो.

तो काढण्याचे सूत्र वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी देतो. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे हव्या त्या कोनाचा कोसाइन. येथे पहिली संख्या ०.१३९ येते. दुसरी −०.७२४ येते, कारण ९० अंशांहून मोठ्या कोनाचा कोसाइन ऋण असतो. बेरीज −०.५८५. ज्याचा कोसाइन इतका आहे असा कोन १२५.८ अंश. त्याला १११ ने गुणले की सुमारे १३,९६० कि. मी. ध्रुवावरून जाण्यापेक्षाही जवळजवळ चारशे किलोमीटर कमी!

प्रत्यक्ष विमान मात्र ही रेषा तंतोतंत पाळत नाही. वाऱ्याचा फायदा घ्यायचा असतो, वादळे टाळायची असतात, विमानतळाच्या ठरलेल्या मार्गांनी उतरायचे असते. कधी एखाद्या देशाच्या आकाशातून जायला बंदी असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. प्रवास लांबला, हवाई अंतर मात्र एका मीटरनेही बदलले नाही.

वळशाचे प्रमाण

मग जे अंतर प्रत्यक्षात कोणी चालत नाही, ते काढून उपयोग काय? उपयोग असा की, ते आपल्याला एक मोजपट्टी देते. वाटेच्या अंतराला हवाई अंतराने भागा. जो आकडा येईल त्याला आपण 'वळशाचे प्रमाण' म्हणू. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११३७ कि. मी.; मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली राजधानी गाडीचा लोहमार्ग १३८४ कि. मी. भागाकार १.२. म्हणजे लोहमार्ग चांगलाच सरळ आहे. भाईंदर ते वसई रस्त्याने मात्र ३८ भागिले ४.६, म्हणजे आठपट!

हा आठचा आकडा पुष्कळ काही सांगतो. मोटार किंवा रुग्णवाहिका घेऊन निघालेल्याला समोर दिसणारे गाव आठपट दूर आहे. इंधन आठपट, आणि वेळ तर वाहनांच्या गर्दीमुळे त्याहूनही अधिक. खाडीवर रस्त्याचा पूल व्हावा, ही चर्चा कित्येक वर्षे का चालली आहे, हे या एका भागाकारावरून कळते. रो-रो बोटीने तोच आकडा एकाच्या जवळ आणून ठेवला. खाडीच्या मधल्या पाणजू बेटाची तर आणखी वेगळी गोष्ट. रेल्वेचे रूळ बेटावरून जातात, पण स्टेशन नाही. गाडी डोळ्यांसमोरून धावते आणि बेटावरच्या माणसाला नायगाव गाठायला होडी लागते.

आणि ग्रीस फ्योर्ड? तेथे वळशाचे प्रमाण काढताच येत नाही, कारण भागायला रस्ताच नाही. दोन गावांमध्ये समुद्र, बर्फ आणि ओसाड बेटे. उन्हाळ्यात बर्फ फुटले की वर्षाचे सामान घेऊन जहाज येते. एरवी रेझोल्यूटहून येणारे लहान विमान हाच बाहेरच्या जगाशी दुवा. गावाच्या दवाखान्यात होणार नाही असा उपचार हवा असेल तर रुग्णाला विमानाचीच वाट पाहावी लागते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तेथे सूर्य उगवत नाही, आणि हवा बिघडली की विमानही येत नाही. ३८१ कि. मी. म्हणजे विमानाला दीड-दोन तास. पण वादळात तेच ३८१ कि. मी. कितीही मोठे होऊ शकतात.

या गावांची जन्मकथाही अंतराचीच आहे. १९५३ साली कॅनडाच्या सरकारने क्यूबेक प्रांताच्या उत्तरेकडील इनुकजुआक येथून काही इन्युइट कुटुंबांना जहाजाने येथे आणून वसवले. इनुकजुआक ५८.५ उत्तरेला, ग्रीस फ्योर्ड ७६.४ उत्तरेला. फरक १७.९ अंश, १११ ने गुणा, जवळजवळ २००० कि. मी. भाईंदरहून सरळ उत्तरेला तेवढे गेलो तर आपण काश्मीरही ओलांडू. शिकार चांगली मिळेल, आणि नको वाटले तर दोन वर्षांनी परत आणू, असे त्यांना सांगितले होते. ते वचन पाळले गेले नाही. त्यांना परतीची वाट नव्हती. या वागणुकीबद्दल सरकारने माफी मागितली, ती २०१० साली.

हवाई अंतर निसर्गाने ठरवलेले आहे. ते कोणालाही कमी करता येत नाही. वाटेचे अंतर माणसांच्या हाती आहे. पूल, बोट, विमान यांनी ते हवाई अंतराच्या जवळ आणता येते. ते कोणासाठी जवळ आणायचे आणि कोणाला वळशावर ठेवायचे, हेही माणसेच ठरवतात.

करून पाहा

१. तुमचे घर आणि शाळा यांचे अक्षांश-रेखांश मोबाइलवरच्या नकाशात पाहून लिहून घ्या. वरील रीतीने हवाई अंतर काढा. मग जाण्यायेण्याच्या वाटेचे अंतर मोजा आणि वळशाचे प्रमाण काढा. वर्गात सर्वांत मोठे प्रमाण कोणाचे येते? मधे काय आड येते? नाला, रूळ, डोंगर, की एखादी भिंत?

२. हेच तुमचे घर आणि जवळचे रुग्णालय यांच्यासाठी करा.

३. नॉर्वेतील ट्रॉम्सो (६९.७ उत्तर, १९.० पूर्व) आणि अलास्कातील उत्कियाग्विक (७१.३ उत्तर, १५६.८ पश्चिम) ही दोन गावे पृथ्वीच्या माथ्यावर जवळजवळ समोरासमोर आहेत. ७०.५ अंशांच्या अक्षवृत्तावरून, म्हणजे आडवे गेले तर अंतर किती? आणि सरळ ध्रुवावरून गेले तर किती? (उत्तरे: सुमारे ६,५०० कि. मी. आणि सुमारे ४,३०० कि. मी.) उत्तरे जुळली नाहीत तर घाबरू नका. कोसाइनने गुणायचे राहून गेले नाही ना, ते आधी पाहा!